साधा फोन घेऊन परदेशी निघालात? या चुका ठाण्यातच टाळा

मागे सिंगापूरला जाताना स्मार्टफोन कपाटात ठेवला आणि बटणांचा फोन खिशात टाकला. गोखले रोडवर घेतलेला, चार्ज केला की चार दिवस बघायला नको. नौपाड्यात महिनाभर झकास चालला. चांगी विमानतळावर उतरून सुरू केला, तर स्क्रीनवर ‘नो सर्व्हिस’. फोन बिघडला नव्हता. तो २जी, म्हणजे जुन्या पिढीच्या नेटवर्कवर चालणारा होता, आणि सिंगापूरने २जी एप्रिल २०१७ मध्येच बंद केलंय.

आपल्याकडे २जी अजून चालू आहे, म्हणून घरी कितीही वापरून बघा, ही गोम कळत नाही. जपानमध्ये २जी २०१२ मध्येच संपलं, ऑस्ट्रेलियाने २०२४ च्या अखेरीस ३जीही गुंडाळलं. बरं, खोक्यावर ‘४जी’ छापलंय म्हणून निर्धास्त होऊ नका. काही फोन ४जीवर नुसतं इंटरनेट चालवतात आणि कॉल आला की गुपचूप २जी-३जीवर उतरतात. फोनला व्हीओएलटीई, म्हणजे कॉलही ४जीवरूनच करायची सोय हवी. तपासायची सोपी युक्ती: घरातल्या कुणाचं तरी जिओचं सिम घालून बघा. जिओकडे २जी-३जी नाहीच, त्यामुळे त्यावर कॉल लागला म्हणजे व्हीओएलटीई आहे. तरीही त्या देशातले ४जी बँड (म्हणजे फ्रिक्वेन्सी) फोनला चालतात का आणि तुमच्या सिमवर तिथे व्हीओएलटीई रोमिंग मिळतं का, हे कस्टमर केअरला विचारावंच लागतं.

दुसरी चूक क्रमाची. मी आधी सिम काढून साध्या फोनमध्ये घातलं आणि मग कार्डाचा परदेशी वापर सुरू करायला बसलो. (रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे नव्या कार्डावर तो बंदच असतो.) बँकेचं अ‍ॅप म्हणे, सिम याच फोनमध्ये हवं. रात्री अकराला, सिमची पिन सापडेना म्हणून बायकोच्या कानातल्याच्या तारेने ट्रे उघडला, सिम परत आत, ओटीपी, पुन्हा बाहेर. तेव्हा कार्ड, रोमिंग, वेब चेक-इन आधी उरका, सिम शेवटी हलवा.

तिथे पोचल्यावर स्वस्त पडतं म्हणून स्थानिक सिम घातलंत, तर भारतीय नंबरवरचे ओटीपी बंद. दोन सिमचा फोन असेल तर प्रश्न मिटला.

फोनबुकातले नंबर +९१ लावून सेव्ह करा, नाहीतर घरचा नंबरही लागत नाही. ‘+’ कुठे आहे म्हणून शोधत बसू नका: ० दाबून धरा किंवा * दोनदा दाबा.

कागदांत कंजुषी नको. तिकीट, व्हिसा, हॉटेलचा पत्ता, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स. सिंगापूरचं अरायव्हल कार्ड पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरावं लागतं. घरूनच भरा आणि प्रिंट काढा. तिथल्या मेट्रोची काळजी नको, परदेशी वापर सुरू असलेलं टॅप करायचं व्हिसा-मास्टरकार्ड गेटवर चालतं.

राहिलं व्हॉट्सअ‍ॅप. लॅपटॉप नेणार असाल तर आधी लिंक करून ठेवा. स्मार्टफोन घरी बंद पडून राहिला तरी चौदा दिवस चालतं. आणि घरच्यांना सांगून जा. मी सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी हॉटेलच्या लँडलाइनवर आईचा फोन: “अरे, तुझी निळी टिकच येत नाही!”