स्पेनच्या डोंगरातल्या पांढऱ्या गावांत रोड बाईक चालवायचीये? या चुका टाळा

स्पेनमध्ये सायकलिंग म्हटलं की सगळ्यांच्या तोंडात मायोर्का नाहीतर जिरोना, ही दोनच नावं. पण खाली आंदालुसियात रोंडाच्या आजूबाजूला जो डोंगराळ पट्टा आहे ना, ग्रासालेमा, साहारा दे ला सिएरा, सेतेनिल, ओल्व्हेरा, पार आर्कोसपर्यंत, चुना मारलेल्या पांढऱ्याशुभ्र गावांचा, तो माझ्या मते रोड बाईकसाठी जास्त भारी आहे. डांबर चांगलं, ट्रॅफिक कमी, हॉटेलं परवडणारी. २०२४ च्या व्हुएल्टाची, म्हणजे स्पेनच्या मोठ्या सायकल शर्यतीची, एक स्टेज (एका दिवसाचा टप्पा) हेरेसच्या चक्क एका सुपरमार्केटच्या आतून सुरू होऊन याच डोंगरांतून युंकेराला गेली होती, बेन ओ'कॉनर या रेसरने ती बाकीच्यांना मागे टाकून, एकट्याने पुढे निसटून जिंकली. आपण काही ओ'कॉनर नाही, त्यामुळे जरा प्लॅनिंग लागतं, आणि आपल्याकडून जाणारे लोक तिथेच गंडतात.

किलोमीटर मोजून दिवस ठरवणं

पुण्याहून निघून १०० किमी सहज मारणारा माणूस इथेही "रोज १०० करू" म्हणून बसतो. आता ही गावं डोंगराच्या टोकावर का आहेत ते बघा. अडीचशे वर्षं हा भाग कास्तियाचं ख्रिश्चन राज्य आणि ग्रानादाचं मुस्लिम राज्य यांच्यामधली सरहद्द होता, आर्कोसच्या पूर्ण नावातलं 'दे ला फ्रोन्तेरा' (सरहद्दीवरचं) तिथूनच आलंय. प्रत्येक गावाला वरती किल्ला, आणि त्याच्या पोटाशी घरं. साहारा तर १४८१ मध्ये ग्रानादावाल्यांनी अचानक हल्ला करून घेतलं आणि तिथून जे युद्ध पेटलं ते १४९२ ला ग्रानादा पडल्यावरच थांबलं. सायकलवाल्यासाठी याचा अर्थ एवढाच की तुमचा मुक्काम कायम वरती असणार, आणि दिवसाचा शेवटचा किलोमीटर हा बहुतेक वेळा सगळ्यात उभा असणार, पाय संपल्यावर.

साहाराच्या खालच्या धरणापासून पुएर्तो दे लास पालोमास हा घाट साधारण १२ किमी आहे, सरासरी ६-७ टक्के. आकडा ऐकून काही वाटत नाही, पण मध्ये श्वास घ्यायला सपाटी फारशी नाही आणि सावली तर त्याहून कमी. रोंडा - ग्रासालेमा - पालोमास - साहारा - परत रोंडा असा लूप ८५ किमीच्या आसपास होतो आणि तो एक पूर्ण दिवस आहे, मध्ये जेवण धरून. सपाटीवर तुमचा ॲव्हरेज २५ असेल तर इथे १६-१७ धरा, उरलेला वेळ गाव बघायला जाईल, वाया नाही जाणार.

गिअरचं पण तेच. भाड्याची बाईक बुक करतानाच विचारा पुढच्या आणि मागच्या चक्रांना किती दाते आहेत. पुढे ५०/३४ आणि मागच्या कॅसेटचं (चक्रांच्या संचाचं) सगळ्यात मोठं चक्र ३४ चं असेल तर निवांत, पुढे ५२/३६ आणि मागे २८ मिळाली तर बदलून मागा, लाजू नका. चढावर कॅडेन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) ६० च्या खाली जाऊन दोन दिवस बाईक ढकलली की गुडघा बोलायला लागतो. गुडघा समोरून दुखत असेल तर सीट बहुतेक खाली आहे, मागून दुखत असेल तर वर आहे, तीन-चार मिलीमीटर हलवून बघा. घरच्या बाईकवर क्रँकच्या मध्यापासून सीटच्या वरपर्यंतचं माप टेपने घेऊन मोबाईलमध्ये ठेवा, पेडल स्वतःचे न्या, बस, अर्धं काम झालं.

ब्रेक न तपासता बाहेर पडणं

ही सगळ्यात धोक्याची चूक आणि हिच्याबद्दल कोणी बोलतच नाही. आपल्याकडे बहुतेक सायकलींना उजव्या हातात पुढचा ब्रेक असतो, मोटरसायकललाही तसंच, त्यामुळे हाताला सवय पक्की. स्पेनमध्ये उलटं, डावा लिव्हर पुढचा आणि उजवा मागचा. सपाटीवर कळतही नाही. आमच्या ग्रुपमधल्या एका काकांनी, वय ५८, मागचा म्हणून डावा लिव्हर कचकन दाबला, दुकानापासून दोनशे मीटरवर, कोपऱ्यावर एक मांजर आडवं आलं म्हणून. मागचं चाक वीतभर उचललं गेलं. नशीब स्पीड नव्हता आणि मांजर शहाणं होतं. हेच पालोमासच्या उतारावर हेअरपिनमध्ये झालं असतं तर? दुकानात सांगितलं तर बरेच जण केबल बदलून देतात, पण हायड्रॉलिक डिस्कला ते तितकं सोपं नसतं, म्हणून बुकिंगच्या मेलमध्येच लिहून टाका. आणि बदलून मिळालं नाही तर पहिला अर्धा तास रिकाम्या पार्किंगमध्ये दोन्ही लिव्हर वेगवेगळे दाबून बघा, हसतील लोक, हसू दे.

ट्रॅफिक उजव्या बाजूने आहे हे सगळ्यांना माहीत असतं, चुकतं ते कॉफीला थांबून परत रस्त्यावर येताना. रिकामा रस्ता असला की हात आपोआप डावीकडे वळतो. ग्रुपमध्ये एकाने मोठ्याने "उजवीकडे" ओरडायची ड्युटी घ्या.

उतारावर ब्रेक सतत धरून ठेवू नका, रिम ब्रेक असेल तर रिम तापते, डिस्क असेल तर किंचाळायला लागते. वळणाच्या आधी घट्ट दाबा, वळणात सोडा. वर पोचल्यावर घामाने भिजलेली जर्सी आणि समोर दहा-बारा किमी उतार, मार्चमध्ये पण बोटं आखडतात आणि मग लिव्हर दाबताच येत नाही. पातळ विंडचीटर खिशात हवाच.

घड्याळ भारतातलं ठेवणं

आपली पहाटे पाचला निघायची सवय. ऊन चढायच्या आत घाट संपवायचा, बरोबर आहे, पण इथे ऑक्टोबरच्या शेवटी, घड्याळं मागे करायच्या आधी, सूर्य साडेआठच्या सुमारास उगवतो! देश आहे पार पश्चिमेला आणि वेळ पाळतो जर्मनीची. म्हणजे सहाला निघालात तर अडीच तास मिट्ट काळोखात घाट, वर एकही बार उघडा नाही. उजाडता उजाडता निघा, आधी भरपेट नाश्ता करा.

नाश्ता म्हणजे तोस्तादा, भाजलेल्या पावावर किसलेला टोमॅटो आणि ऑलिव्ह ऑइल, सोबत दुधाची कॉफी, शाकाहाऱ्यांसाठी याच्यासारखं दुसरं काही नाही. दुपारचं जेवण दीड-दोनच्या आधी मिळत नाही आणि चारच्या सुमारास किचन बंद, मग रात्री साडेआठपर्यंत चिप्स आणि ऑलिव्हवर भागवा. दुकानं साधारण दोन ते पाच बंद, रविवारी बहुतेक सुपरमार्केटही बंद. तीन वाजता भूक लागून गावात पोचलात तर रस्त्यावर एक चिटपाखरू नसतं, शटर खाली, कुत्रं पण झोपलेलं. अशा वेळी पेट्रोल पंप शोधा नाहीतर हायवेकडेचा व्हेन्ता, म्हणजे आपल्या ढाब्यासारखा प्रकार. तरीही जर्सीत दोन चिक्क्या कायम ठेवाव्यात, शेंगदाणा चिक्कीला कुठलाही एनर्जी बार टक्कर देऊ शकत नाही हे माझं ठाम मत आहे.

शाकाहारी मंडळींनी जास्त सावध राहा. 'बोकादियो व्हेखेताल' नावाच्या सँडविचमध्ये सर्रास टुना आणि अंडं असतं, 'एन्सालादा मिक्स्ता' या सॅलडमध्येही टुना, सालमोरेखो नावाच्या गार टोमॅटो सूपवर हॅमचे तुकडे पेरलेले. ऑर्डर देतानाच "सिन हामोन, सिन आतून" म्हणजे हॅम नको, टुना नको, असं स्पष्ट सांगा. पालक-चणे मेनूवर दिसले तर डोळे झाकून घ्या, अगदी घरच्यासारखं लागतं.

पाण्याचं टेन्शन नको, गावागावात नळाचे झरे असतात, फक्त 'नो पोताब्ले' लिहिलं असेल तिथे बाटली भरू नका. बारमध्ये बाटली दाखवली की भरून देतात, एक कॉफी घ्या म्हणजे झालं.

हवामान "स्पेन आहे, ऊनच असणार" म्हणून सोडून देणं

ग्रासालेमा हे स्पेनमधल्या सगळ्यात जास्त पावसाच्या ठिकाणांपैकी एक, वर्षाला २००० मिमीच्या आसपास! अटलांटिकवरून आलेले ढग पहिल्यांदा इथेच आपटतात, आपल्या सह्याद्रीसारखंच. हिवाळ्यात तर नक्की भिजाल. जुलै-ऑगस्टमध्ये उलट, आतल्या भागात ४० डिग्री, तेव्हा जाऊच नका. एप्रिल-मे नाहीतर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हे बरे. नोव्हेंबरनंतर ऑलिव्हची तोडणी असते, ट्रॅक्टरच्या टायरचा चिखल आणि चिरडलेली फळं रस्त्यावर, त्यावर पहिला पाऊस पडला की वळणावर साबण लावल्यासारखं घसरतं. २८ मिमी रुंदीचे टायर घ्या आणि हवा थोडी कमी ठेवा.

मॅप म्हणेल तिकडे जाणं

गूगल मॅपला सायकल मोड दिला की तो बिनधास्त शेतातल्या कच्च्या वाटेवर घालतो आणि गावात पोचल्यावर किल्ल्याकडे जाणाऱ्या फरसबंदी गल्लीत, जिथे चढ १५-२० टक्के. रस्त्याचे नंबर लक्षात ठेवा, एल बोस्केपासून पुएर्तो देल बोयारवरून (११०३ मीटर) ग्रासालेमाकडे ए-३७२, तिथून पालोमासवरून साहाराकडे सीए-९१०४. जुन्या गावात उतरून चाला. सेतेनिलमध्ये डोंगराच्या कड्याखालीच घरं बांधलीत, अख्खा खडक छपरासारखा डोक्यावर, आणि त्याखाली गल्लीत बारची टेबलं मांडलेली, तिथे क्लीटचे (पेडलला अडकणारे) बूट घालून सायकल दामटणारे बघितले की वेटरच्या तोंडावरचे भाव बघण्यासारखे असतात. रोंडात १७९३ ला पूर्ण झालेल्या पुएन्ते नुएव्हो पुलावर पण तेच, खाली ९८ मीटर दरी आहे आणि समोरचा टुरिस्ट सेल्फी घेत उलटा चालत येतोय.

नियम पटकन: गावाबाहेर हेल्मेट सक्तीचं, कानात इअरफोन चालत नाहीत, दारूची मर्यादा सायकलस्वारालाही लागू आहे, दोघांनी शेजारी-शेजारी चालवायला परवानगी आहे पण आंधळ्या वळणावर एका रांगेत या. गाडीवाल्याने दीड मीटर सोडायचं असतं, बहुतेक सोडतात. अपघात झाला तर ११२.

ओल्व्हेरा ते पुएर्तो सेरानो हा ३६ किमीचा व्हिया व्हेर्दे बऱ्याच जणांच्या लिस्टवर असतो, कधीही ट्रेन न धावलेल्या रेल्वेमार्गावरचा रस्ता, ३० बोगदे, मध्ये गिधाडांचा मोठा कडा. रस्ता मस्त आहे, पण बराचसा दाबलेल्या मातीचा-खडीचा, २५ च्या गुळगुळीत टायरवर हाल होतात, आणि बोगद्यातला लाईट चालू असेलच असं नाही. त्या दिवसापुरती ग्रॅव्हल बाईक (कच्च्या रस्त्यासाठीची, जाड टायरची) भाड्याने घ्या, पुढे-मागे लाईट लावा आणि बोगद्यात शिरायच्या आधी गॉगल काढा.