घरातील तेलाचा हिशेब: पामतेल ओळखावे कसे आणि तेल वापरावे किती

डिसेंबर-जानेवारीत निफाडकडची थंडी नाशिक शहरातही उतरली, की ओट्यावरच्या पारदर्शक बरणीकडे एकदा सकाळी लवकर पाहावे. तेल गढूळ होऊन तळाशी रवाळ पांढरा साका बसला असेल, तर त्यात पामोलिन, म्हणजे पामतेलाचा वेगळा काढलेला पातळ भाग, असण्याची शक्यता बरीच असते, कारण पामतेलातील संपृक्त मेदाम्ले, विशेषतः पामिटिक आम्ल, साध्या थंडीतही गोठू लागतात. अर्थात कडाक्याच्या थंडीत शेंगदाणा तेलही दाट होते, त्यामुळे केवळ बरणी पाहून दुकानदाराला बोल लावू नये. ही शंका घेण्याची पहिली जागा आहे. निकाल वेष्टनावरच मिळतो.

वेष्टनाचा दर्शनी भाग बाजूला ठेवून मागची बारीक अक्षरे वाचावीत. ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ या शब्दाला मुळीच महत्त्व देऊ नये, कारण कोणत्याही वनस्पतिजन्य तेलात कोलेस्टेरॉल नगण्यच असते. घटकांच्या यादीत ज्याचे वजन जास्त त्याचे नाव आधी येते आणि खाद्यतेल नेमके कोणते हेही तेथे लिहिलेले असते. पामतेल, पामोलिन किंवा पाम कर्नल (पामच्या बीचे) तेल ही नावे शोधावीत. मिश्र तेल असेल, तर त्यातील प्रत्येक तेल किमान 20 टक्के असावे लागते आणि कोणते तेल किती टक्के हे छापलेले असते. बाटलीवर सूर्यफुलाचे मोठे चित्र असले तरी आतला मोठा वाटा दुसऱ्याच तेलाचा असू शकतो, हे या टक्केवारीवरूनच कळते.

शेव, बिस्किटे, चिवडा यांच्या पुड्यांसाठी एक सोपे गणित आहे. पोषणमूल्यांच्या तक्त्यात एकूण फॅट आणि सॅच्युरेटेड फॅट, म्हणजे संपृक्त मेद, असे दोन आकडे असतात. समजा, शेवेच्या 100 ग्रॅममध्ये एकूण 36 ग्रॅम आणि त्यातील संपृक्त 16 ग्रॅम असेल, तर संपृक्ताचा वाटा सुमारे 44 टक्के झाला. शेंगदाणा तेलात हा वाटा साधारण पाचवा हिस्सा, सोयाबीन तेलात सुमारे 15 टक्के आणि सूर्यफुलाच्या तेलात सुमारे 11 टक्के असतो, तर पामतेलात तो निम्म्याच्या आसपास आणि पामोलिनमध्ये 40 टक्क्यांच्या पुढे जातो. म्हणजे 44 टक्के पाहिल्यावर ती शेव कशात तळली असावी, याचा अंदाज येतो. बिस्किटात मात्र लोणी किंवा तूप असेल तरी आकडा चढतो, म्हणून घटकांची यादी शेजारी ठेवूनच हे गणित करावे.

याची दखल घेण्याचे कारण साधे आहे. असंपृक्त मेदाच्या जागी संपृक्त मेद नियमित खाल्ला, तर रक्तातील एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, वाढते आणि त्याबरोबर हृदयविकाराचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार दिवसभराच्या ऊर्जेपैकी 10 टक्क्यांहून अधिक ऊर्जा संपृक्त मेदातून येऊ नये. 2000 कॅलरींच्या आहारात हे सुमारे 22 ग्रॅम होतात आणि दूध, तूप, खोबरे यांचा वाटाही त्यातच धरायचा असतो. याहून घातक असतो तो अर्धवट हायड्रोजनीकरण केलेल्या वनस्पती तुपातला ट्रान्स फॅट. भारतात तेल आणि मेदांतील त्याची मर्यादा जानेवारी 2022 पासून 2 टक्के झाली आहे, तरीही जेथे वनस्पती तूप वापरले आहे तो पदार्थ टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

तेल कोणते, या प्रश्नाआधी ते किती, हा प्रश्न सोडवावा. राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या मार्गदर्शिकेत 2000 कॅलरींच्या ताटासाठी तेल-तूप मिळून दिवसाला 27 ग्रॅम धरले आहे. या हिशेबाने 15 किलोचा डबा चार मोठ्या माणसांना जवळजवळ साडेचार महिने पुरायला हवा. आमच्या चौघांच्या घरात तो पावणेतीन महिन्यांतच संपत असे, आणि हे कळले ते डब्यावर फोडल्याची तारीख खडूने लिहायला लागल्यावर. बाहेर खाल्लेले तेल तर या हिशेबात धरलेलेच नव्हते. त्यानंतर फोडणीसाठी बुधल्यातून थेट तेल ओतणे बंद करून मापाचा चमचा ठेवला. भाजी आधी झाकण ठेवून वाफेवर शिजवली, तर निम्म्या तेलात तिची चव बिघडत नाही.

तेल निवडताना रोजच्या फोडणीला शेंगदाणा, करडई, सोयाबीन यांपैकी आलटून पालटून वापरावे. आपल्या नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा, पेठ भागात खुरासणी (कारळे) पिकते. तिचे तेल मिळाले तर भाजीला अवश्य वापरावे, मात्र ते बहुअसंपृक्त, म्हणजे उष्णतेने लवकर बिघडणारे, असल्याने वारंवार तळणाला योग्य नाही. सुटे खाद्यतेल विकण्यास मुळात कायद्याने मनाई आहे आणि त्यात काय मिसळले आहे हे कळण्याचा मार्ग नसतो. ते घेऊच नये.

पामतेल स्वस्त आहे, म्हणून ते गरिबाच्या घरात जाते, हे विसरून उपदेश करू नये. 2022 च्या दिवाळीत राज्य सरकारने ‘आनंदाचा शिधा’ म्हणून 100 रुपयांत दिलेल्या चार जिनसांत एक लिटर पामतेलच होते. ज्या घरात ते येते तेथे मापाने वापरणे आणि तेच तेल पुन्हा पुन्हा न तापवणे, एवढे केले तरी बराच फरक पडतो.

पर्यावरणाचा प्रश्न मात्र एका वाक्यात मिटणारा नाही. इंडोनेशिया आणि मलेशियात, विशेषतः सुमात्रा आणि बोर्निओच्या बेटांवर, पामसाठी वर्षावने तोडली गेली, ओरांगउटानचे घर गेले, आणि दलदलीची पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची) जमीन चर खणून कोरडी केल्यावर ती पेटली की आठवडेच्या आठवडे धुमसत राहते. 2015 च्या आगींचा धूर शेजारच्या देशांपर्यंत पोहोचला होता. दुसरीकडे, एका हेक्टरातून पामचे तीन-चार टन तेल निघते, सोयाबीनचे मात्र अर्धा टनही क्वचित निघते. उद्या सगळ्यांनी पाम सोडून तेवढेच सोयाबीन तेल मागितले, तर कोठेतरी त्याच्या कितीतरी पट जमीन लागेल. पामतेल आयात करणाऱ्या देशांत भारत सर्वांत मोठा आहे, म्हणून बहिष्कारापेक्षा एकूण तेलच कमी वापरणे आणि शक्य तेथे जंगलतोडीशिवाय पिकवल्याची खातरी देणारा आरएसपीओ या आंतरराष्ट्रीय संस्थेचा शिक्का पाहणे मला अधिक प्रामाणिक वाटते. आपल्याकडील पुड्यांवर तो शिक्का फारसा दिसत नाही, हेही खरे.

रविवारच्या मिसळीचा विचारही या हिशेबात आला पाहिजे. तर्री वेगळी मागून दोन चमचेच घालावी. मेनरोडवर किंवा पंचवटीत फरसाण घेताना कोणत्या तेलात तळले हे सरळ विचारावे, आणि शक्य असेल तर तेलाचा डबा दाखवायला सांगावे; चांगला दुकानदार तो दाखवतो. तेल काळपट झाले असेल, फेस धरत असेल किंवा कढईच्या काठाला चिकट थर साचला असेल, तर तेथून तळलेले घेऊ नये. वापरलेल्या तेलातील ध्रुवीय संयुगे, म्हणजे तेल तापून बिघडताना तयार होणारे पदार्थ, 25 टक्क्यांहून वाढली की ते स्वयंपाकासाठी वापरण्यास 2018 पासून नियमाने बंदी आहे, पण ग्राहकाच्या हाती मोजायला डोळे आणि नाकच असतात.

घरच्या फराळाचे तळण झाल्यावर उरलेले तेल थंड करून फडक्यातून गाळावे, घट्ट झाकणाच्या बरणीत अंधारात ठेवावे आणि दोन-तीन दिवसांत फोडणीतच संपवावे. पुन्हा तळणासाठी काढू नये. जे संपणार नाही ते मोरीत किंवा सिंकमध्ये ओतू नये, कारण नळीत ते थिजते आणि पुढे नाल्यातून गोदावरीकडेच जाते. जुन्या वर्तमानपत्रात किंवा लाकडाच्या भुशात टिपून तो गोळा घंटागाडीत द्यावा.