रविवारचा अर्धा तास डासांसाठी

वसंतात हवा तापायला लागली की दर रविवारी मी टॉर्च आणि घासणी घेऊन निघते. कुंडीखालची ताटली, कूलरची टाकी, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरचा जुना टायर, सगळं रिकामं करायचं. पण नुसतं पाणी ओतून भागत नाही! डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात. बारीक काळे ठिपके. भांडं कोरडं पडलं तरी ती कित्येक महिने तग धरतात. म्हणून कडा खसाखसा घासा, मगच पालथं घाला. अंड्याचा डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात, तेव्हा एकही आठवडा चुकवू नका. पिंपाच्या तोंडाला कापड घट्ट बांधा. शेजारच्या आजींना वाकवत नाही, त्यांच्या कुंड्याही मीच बघते.