सुईवरची धूळ: मागून पुढे, आणि आधी कोरडीच

रेकॉर्ड वाजवायच्या टर्नटेबलची सुई साफ करताना जे मोडतं ते टोक नव्हे, दांडी. टोकाला हिरा असतो. ब्रशने त्याचं काही बिघडत नाही. पण हा हिरा चिकटवलेला असतो टाचणीइतक्या बारीक दांडीवर, बहुधा पोकळ ॲल्युमिनियमच्या. दांडीचं मागचं टोक रबराच्या छोट्याशा कडीत बसवलेलं असतं. कुठल्या दिशेने पुसायचं आणि किती ओलं करायचं, हे हिऱ्याकडे नव्हे तर या दांडीकडे आणि रबराकडे बघून ठरवायचं.

घाण येते कुठून? एलपीची, म्हणजे लाँग-प्ले रेकॉर्डची, एक बाजू 20 मिनिटं वाजली की मिनिटाला 33⅓ फेऱ्यांच्या वेगाने तबकडीचे साधारण 667 फेरे होतात. एका फेऱ्याची सरासरी लांबी 65 सेंटिमीटर धरली, तर सुई एका बाजूत सव्वाचारशे मीटरहून जास्त खाच घासत जाते. त्या खाचेतली धूळ, बोटांचं तेल, पावसाळ्यात धरलेली बुरशी, नीट न धुतलेल्या रेकॉर्डवरचा साबण, सगळं टोकाभोवती गोळा होतं. राखाडी कापसासारखा पुंजका दिसला तर घाबरू नका, तो ब्रशने एका फटक्यात निघतो. त्रास देतो तो काळपट, घट्ट बसलेला थर. घड्याळजी डोळ्याला लावतात तसं 10 पटीचं भिंग घेऊन बाजूने उजेड टाका. स्वच्छ टोक चमकतं, थर बसलेलं टोक बोथट आणि काळं दिसतं.

कानालाही कळतं. ‘स’ आणि ‘श’ फाटून ‘फ्श’ असे ऐकू येतात, झांजांची धार जाते. हे सगळ्या गाण्यांत होत असेल तर घाणीचा संशय घ्या. फक्त लेबलजवळच्या शेवटच्या गाण्यात होत असेल, तर कार्ट्रिज (सुई बसवलेली छोटी डबी) तिरकं बसलेलं असण्याची शक्यता जास्त.

रोजची सफाई कोरडी, तीही प्रत्येक बाजू वाजवण्याआधी. ॲम्प्लिफायरचा आवाज पूर्ण खाली आणा. नाहीतर ब्रशच्या पहिल्याच स्पर्शाला स्पीकरमधून धडाम् असा ठोका बसेल. तबकडी थांबवा, टोनआर्म (सुई धरणारा लांब हात) स्टँडवर अडकवा. आता आखूड, दाट केसांचा सुईचा ब्रश घेऊन मागून पुढे, म्हणजे टोनआर्मच्या बाजूकडून हेडशेलच्या (कार्ट्रिज धरणाऱ्या टोकाच्या) पुढच्या कडेकडे, तीन-चार वेळा हलकेच ओढा. रेकॉर्डही सुईखालून याच दिशेने सरकते, म्हणून दांडीला हा ताण ओळखीचा असतो. उलट दिशेने किंवा आडवं ओढलंत तर ब्रशचे केस टोकात अडकतात आणि दांडी वाकते. वाकलेली दांडी सरळ करायच्या भानगडीत पडू नका. ॲल्युमिनियम पुन्हा वाकवताना तुटतं.

बोटाने पुसू नका. तोंडाने फुंकूही नका, थुंकीचे बारीक शिंतोडे उडतात. दांडीला धागा गुंडाळला असेल तर लोखंडी चिमटा जवळ नेऊ नका. कार्ट्रिजमधलं चुंबक तो खेचून घेतं आणि टोक चिमट्यावर आपटतं.

ब्रशने न निघणाऱ्या थरासाठी मेलामाइनचा फोम वापरा. भिंतीवरचे डाग काढायला ‘मॅजिक इरेजर’ म्हणून मिळतो तोच, पण साबण किंवा सुगंध न घातलेला. एक सेंटिमीटर जाडीचा छोटा तुकडा कापा आणि थांबलेल्या प्लॅटरवर (रेकॉर्ड ठेवायच्या फिरत्या चकतीवर) कोरडाच ठेवा. टोनआर्म हाताने टेकवायचा नाही. क्यू लिव्हरने (टोनआर्म वर-खाली करणाऱ्या दांडीने) सरळ खाली सोडा, सरळ वर उचला. दोन-तीन वेळा पुरे, दर वेळी फोमची नवी जागा. सुई फोममध्ये असताना टोनआर्म कणभरही बाजूला सरकता कामा नये. नंतर ब्रशचा एक हात मारा, म्हणजे फोमचे कण राहत नाहीत. पिवळी चिकट पुट्टी वापरणारे आहेत. तिचा अंश टोकावर राहू शकतो, म्हणून नकोच.

द्रव अगदी शेवटी. 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एकच थेंब ब्रशवर घ्या, ब्रश टिश्यूवर टिपा, आणि जेमतेम ओलसर राहिलेल्या केसांनी फक्त टोकाला, मागून पुढे, दोनदा स्पर्श करा. थेंब लोंबत असेल तर तो दांडीवरून आपोआप मागे चढतो, रबरापर्यंत पोचतो. हिरा चिकटवलेला जोडही भिजतो. त्यानंतर मिनिटभर थांबा. सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीन असतं आणि नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये बहुधा ॲसिटोन, दोन्ही बाद. काही कार्ट्रिज कंपन्या अल्कोहोलला मनाई करतात. सोबतचा कागद आधी वाचा.

आजोबांच्या पेटीतल्या 78 च्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या, जुन्या रेकॉर्ड असतील तर दोन गोष्टी वेगळ्या. त्या लाखेच्या असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, म्हणून ओली सुई त्यांवर टेकवायची नाही. शिवाय त्यांची खाच रुंद. एलपीची सुई तिच्या तळाशी जाऊन बसते, जिथे वर्षानुवर्षांची भुकटी साचलेली असते, आणि एका गाण्यात टोक काळं होतं. कितीही पुसलंत तरी पुढच्या गाण्यात पुन्हा तेच. तिथे 3 मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे सुमारे 76 मायक्रॉनची, 78 साठीची सुईच लावावी लागते. चावीच्या ग्रामोफोनची पोलादी सुई मात्र साफ करायचीच नसते. ती एका बाजूपुरती. बाजू संपली की फेकायची, नवी लावायची.

एवढं करूनही ‘स’ फाटतच असेल तर सूक्ष्मदर्शकातून टोकाचे कोपरे बघा. दोन्ही बाजूंना सपाट, आरशासारख्या चकत्या दिसल्या, तर ती घाण नव्हे, झीज आहे. ब्रश बाजूला ठेवा आणि नवी सुई येईपर्यंत त्या सुईने एकही रेकॉर्ड वाजवू नका. झिजलेला हिरा खाचेची भिंत कापत जातो, आणि कापलेली खाच भरून येत नाही.