क्लायंटचे कागद कसे सांभाळायचे: ठाणे-नवी मुंबईतल्या इन्शुरन्स एजंटसाठी

आपल्यासमोर प्रपोजल फॉर्म (पॉलिसीचा अर्ज) भरताना माणूस जे सांगतो ते कधीकधी त्याने घरातही सांगितलेलं नसतं. शुगर किती, कसलं ऑपरेशन झालं, पगार किती, नॉमिनी बायको की आई. आणि नौपाड्यात काय नि नेरुळला काय, आपले निम्मे क्लायंट एकमेकांच्या ओळखीचे, एका सोसायटीतले नाहीतर एका नात्यातले असतात. त्यामुळे माहिती फुटायला हॅकरच लागतो असं नाही, शेजारीपाजारी आणि आपला स्वतःचा मोबाईल पुरतो.

सुरुवात कपाट रिकामं करण्यापासून करा. पॉलिसी इश्यू झाली की पॅन, आधार, कॅन्सल्ड चेक, पगाराच्या स्लिपा सगळं कंपनीकडे गेलेलं असतं, आपल्याकडच्या झेरॉक्स 'कधीतरी लागतील' म्हणून पडून राहतात, त्या काढून टाका. प्रपोजल फॉर्मची आणि मेडिकलच्या उत्तरांची कॉपी मात्र निदान तीन वर्षं ठेवा, कारण इन्शुरन्स ॲक्टच्या कलम 45 प्रमाणे तीन वर्षांनंतर कंपनीला लाइफ पॉलिसीवर आक्षेप घेता येत नाही, पण त्याआधी क्लेम आला तर चौकशी होऊ शकते आणि तेव्हा फॉर्मवर नक्की काय लिहिलं होतं ते दाखवता आलं पाहिजे. सह्या केलेले कोरे फॉर्म आणि कोरे चेक कुणाचे असतील तर आजच परत द्या किंवा त्यांच्यासमोर फाडा, यात तडजोड नको. क्लायंटचे पोर्टलचे पासवर्डही डायरीत नकोत. काका-काकू म्हणतात 'तुम्हीच बघा ना सगळं', पण त्यांच्या शेजारी बसून त्यांच्याच फोनवर लॉगिन करून द्या, ओटीपी फोनवरून मागायची सवय आपणच लावली तर उद्या फ्रॉडवाल्यालाही ते तसाच देतील.

आता झेरॉक्सचं दुकान. स्टेशनबाहेरच्या दुकानात कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप दिवसभर उघडं असतं, आपण आधार आणि मेडिकल रिपोर्ट त्या नंबरवर पाठवतो, दोन मिनिटांत प्रिंट मिळते आणि फाईल त्या कॉम्प्युटरच्या डाऊनलोड फोल्डरमध्ये राहते. मागून येणाऱ्या कुणालाही ती दिसू शकते. वर्षभराच्या झेरॉक्सचा खर्च जोडून बघा आणि घरी एक साधा प्रिंटर-स्कॅनर घ्याच. अगदीच अडलं तर समोर उभं राहून फाईल डाऊनलोडमधून आणि रिसायकल बिनमधून डिलीट करायला लावा, चॅटमधूनही 'डिलीट फॉर एव्हरीवन' करा. दुकानदाराला राग येत नाही, नीट सांगितलं की करतात.

व्हॉट्सॲपवर आलेले कागदांचे फोटो आपोआप गॅलरीत जातात, तिथून गूगल फोटोजच्या बॅकअपला, आणि संध्याकाळी मुलगा गेम खेळायला फोन घेतो. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये मीडिया व्हिजिबिलिटी बंद करा, व्हॉट्सॲपच्या फोल्डरचा फोटो बॅकअप बंद करा, लिंक्ड डिव्हायसेसमध्ये अनोळखी काही दिसलं तर लॉगआउट करा. शक्य असेल तर धंद्याचा नंबर वेगळा. आणि डीओ (डेव्हलपमेंट ऑफिसर) साहेबांना कागद द्यायचे तर त्यांना एकट्याला द्या, टीमच्या ग्रुपवर टाकू नका.

आधार घेताना कंपनीला चालत असेल तर मास्क्ड घ्या, यूआयडीएआयच्या वेबसाईटवरून डाऊनलोड होतं आणि त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड आहे म्हणून निर्धास्त राहू नका, नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्माचं वर्ष हाच तो पासवर्ड, आणि दोन्ही आपल्या डायरीत असतात. झेरॉक्सवर कंपनीचं नाव, कशासाठी दिलं आणि तारीख असं आडवं लिहून घ्या.

सगळ्यात जपायची गोष्ट म्हणजे आपली एक्सेल शीट. नाव, मोबाईल, जन्मतारीख, पॉलिसी नंबर, ड्यू डेट. 'तुमचा बोनस अडकलाय, अमुक रक्कम भरा' असे फोन येतात तेव्हा समोरचा पॉलिसी नंबर अचूक सांगतो म्हणूनच म्हातारी माणसं फसतात. फाईल, इन्फो, प्रोटेक्ट वर्कबुकमध्ये जाऊन एन्क्रिप्टचा पासवर्ड टाका. प्रीमियमच्या फोनसाठी कुणी मुलगी ठेवली असेल तर तिला नाव, नंबर आणि ड्यू डेट एवढंच द्या, पूर्ण शीट नाही. ड्राईव्हवर ठेवलेल्या फायली 'लिंक असणारा कोणीही' वर आहेत का ते बघा, ईमेलला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा. लॅपटॉपवर विंडोज प्रो असेल तर बिटलॉकर (डिस्क एन्क्रिप्ट करणारी सोय) चालू करा, ती अडली तर उघडायची रिकव्हरी की 48 आकड्यांची असते, ती लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका. घरच्यांसाठी वेगळं युजर अकाउंट.

जे कागद ठेवायचे ते स्टीलच्या कपाटात, कुलुपात, आणि खालच्या कप्प्यात नको, पावसाळ्यात तळमजल्यावर पाणी शिरतं ते ठाणेकरांना वेगळं सांगायला नको. प्लास्टिक फोल्डर आणि सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. रद्दीवाल्याला मात्र यातला एक कागदही नाही. क्रॉस-कट श्रेडर नसेल तर बादलीत रात्रभर भिजत घाला आणि सकाळी लगदा होईपर्यंत कुस्करून टाका, झेरॉक्सची शाई नुसत्या पाण्याने जात नाही.

2023 च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्यात माहितीची वाजवी सुरक्षा न ठेवल्याबद्दल 250 कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे, नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि टप्प्याटप्प्याने लागू होतायत, म्हणजे कंपन्याही आपल्याला यावर विचारणार. पण कायदा तोंडावर कुलूप लावत नाही. गणपतीला घरी गेलात आणि क्लायंटचा भाऊ सहज विचारतो 'दादाने किती लाखांची काढलीय हो?', तर सरळ सांगा, 'ते त्यांनाच विचारा, मी कुणाचंच सांगत नाही, तुमचंही कुणाला सांगणार नाही.' क्षणभर अवघडल्यासारखं होतं, पण बरेचदा तोच माणूस पुढे स्वतःची पॉलिसी आपल्याकडे घेतो.

ठाणे-वाशी लोकलमध्ये फोन गेला तर लगेच दुसऱ्या फोनवरून रिमोट इरेज (दुरूनच फोनमधलं सगळं पुसणं) करा, सिम ब्लॉक करा, पोलिसात तक्रार देऊन सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आयएमईआय (फोनचा ओळख नंबर) ब्लॉक करा, पैसे गेले असतील तर 1930 या सायबर फ्रॉडच्या हेल्पलाईनला फोन करा. आणि ज्यांचे कागद त्या फोनमध्ये होते त्यांना त्याच दिवशी स्वतः फोन करून सांगा, ब्रँचलाही कळवा.

एक पाकीट घरात करून ठेवा. त्यात लॅपटॉपचा पासवर्ड, रिकव्हरी की, कपाटाची दुसरी किल्ली आणि ब्रँचमध्ये कुणाला भेटायचं ते. आपण आजारी पडलो किंवा काही झालं तर बायकोने किंवा मुलाने ते पाकीट उघडून कागद थेट ब्रँचमध्ये न्यावेत, ओळखीच्या दुसऱ्या एजंटच्या हातात नाही.