हॅमस्टरला कोथिंबीर, मेथी, शेपू द्यायचाय? पाला कुठला, किती आणि कसा

संभाजीनगर, लातूर, नांदेडकडं आता लेकरांच्या हट्टापायी बऱ्याच घरात हॅमस्टर, म्हणजे उंदरासारखा बारका पाळीव प्राणी, आलेत आणि सगळे एकच विचारायलेत, याला कोथिंबीर चालते का, मेथी चालते का, तुळशीचं पान दिलं तर काय होतं. चालतं, पण आधी हा जीव केवढा आहे ते डोक्यात पक्कं बसू द्या. हॅमस्टरच्या जातीत मोठा सिरियन साधारण 100 ते 150 ग्रॅमचा, ड्वार्फ म्हणजे बुटक्या जातीचा 30 ते 50, आणि त्यातला सगळ्यात बारका रोबो तर जेमतेम 20-25 ग्रॅम. आपण "दोन-चार काड्या टाकल्या" म्हणतो ते त्याच्या हिशोबानं पोट फुटेस्तोवर जेवण झालं. त्यात अजून एक गोष्ट, हॅमस्टरला उलटी होतच नाही. नको ते पोटात गेलं तर परत बाहेर काढायची सोय त्याच्या शरीरात नाही, त्यामुळं देऊन बघू, नाही पचलं तर टाकून देईल असा विचार इथं करायचाच नाही.

त्याचं मूळ खाणं कोरडं असतं. आज घराघरात जे सिरियन आहेत त्यांचे पूर्वज 1930 साली सिरियातल्या अलेप्पोजवळच्या शेतातून इस्रायल अहरोनी नावाच्या प्राणिशास्त्रज्ञानं पकडून आणलेले. गहू-कडधान्याचा कोरडवाहू मुलूख तो, दाणे गोळा करायचे, बिळात साठवायचे, मधीच एखादा हिरवा पाला, एखादा किडा. म्हणून रोजचं पोट भरायचं ते दाण्यावर, ज्वारी, बाजरी, राळा, भगर, थोडा गहू, चार दाणे करडईचे, किंवा दुकानातलं चांगलं मिक्स. पाला हा वरून दिलेला खाऊ. आणि खाऊ म्हणून तो लई चांगला आहे, विशेषतः ड्वार्फसाठी, कारण ड्वार्फमधल्या काही जातींना शुगरचा आजार पटकन होतो आणि लोक कौतुकानं सफरचंद, केळं, गाजर भरवतात, त्यापेक्षा कोथिंबिरीची पानं केव्हाही बरी.

दुकानातून नवीन आणलेल्या पिल्लाला मात्र पहिला आठवडाभर हिरवं काहीच देऊ नका. जागा बदलल्याचा ताण असतो, पोट नाजूक असतं, आणि याच वयात वेट टेल नावाची हगवण लागते जी दोन दिवसात पिल्लू नेऊ शकते. फक्त दाणे आणि पाणी, आणि दाणेसुद्धा दुकानदार जे देत होता तेच.

आता कोणता पाला. बिनधास्त सुरुवात करायची ती कोथिंबिरीनं. सिरियनला दोन-तीन पानं बारीक देठासकट, ड्वार्फला त्याच्या निम्मं, आठवड्यातून दोनदा-तीनदा. शेपू असाच, पण वास उग्र म्हणून पुष्कळ हॅमस्टर तोंड फिरवतात, मग जबरदस्ती नाही. मेथीची कोवळी पानं चालतात. पुदिना आणि तुळस एखादं पान, तेही कधीमधी, कारण दोन्हीत तेल जास्त. शेवग्याची पानं चालतात, फक्त कोवळी पानं, साल आणि मूळ नाही. हराळी, म्हणजे दूर्वा, चांगलीच, कुरतडायला आवडते त्यांना. एका वेळी एकच नवीन पाला द्या आणि मग दोन-तीन दिवस लेंड्यांकडं लक्ष ठेवा. कडक, सुट्ट्या लेंड्या असल्या तर पुढचा पाला. एकाच दिवशी चार प्रकार घातले आणि पोट बिघडलं तर कशानं बिघडलं हे कळायला काही मार्गच राहत नाही.

पालक, चुका, अंबाडी, घोळ, तांदुळजा हे आपल्याकडं भाकरीसोबत रोजचं खाणं, पण यात ऑक्झॅलेट भरपूर असतं, ते कॅल्शियमला चिकटतं आणि लघवीच्या वाटेत खडे व्हायचा धोका वाढतो. पालकाचा नखाएवढा तुकडा कधीतरी गेला तर घाबरू नका, पण रोजच्या यादीत हे नकोत. हरभऱ्याची भाजीही मी देत नाही. रानात हरभरा खुडताना बोटाला जी आंबट आंब लागते ना, ती ऍसिडच असते, एवढ्याशा पोटाला ती कशाला.

कांद्याची पात, लसणाची पात, कांदा, लसूण हे अजिबात नाही. एक पातसुद्धा नाही, वाळवलेली नाही, शिजवलेली नाही. यातले गंधकाचे घटक रक्तातल्या लाल पेशी फोडतात. खरी भीती मुद्दाम देण्याची नसतेच, बाजारातून एकाच पिशवीत कोथिंबीर आणि कांद्याची पात येते, पात चुरगळते, रस कोथिंबिरीला लागतो, आणि लेकरू तीच कोथिंबीर पिंजऱ्यात टाकतं. म्हणून हॅमस्टरच्या काड्या वेगळ्या डब्यात काढून ठेवा आणि ज्या विळीवर कांदा चिरला तिच्यावर त्याचा पाला चिरू नका, हातानंच तोडा. टोमॅटोची, बटाट्याची, मिरचीची पानं पण नाहीत. कोरफड नाही. ओव्याची पानं नाहीत. आणि घरातली चूर्णं, हिंग, सुंठ, ओव्याचं पाणी असले उपाय तर अजिबात करू नका. फोडणीतली मेथी नाही, मीठ-तेल लागलेलं काहीच नाही.

आता जे मला सगळ्यात कळकळीनं सांगायचंय ते हे, की पाला कोणता याच्यापेक्षा तो कुठं उगवला याची चौकशी जास्त करा. आपल्याकडं कापूस आणि सोयाबीन, खरिपात फवारणीवर फवारणी चालू असते, बांधावरच्या तणावर तणनाशक मारलेलं असतं, आणि गावाकडं गेलं की लेकरं बांधावरची हिरवीगार हराळी उपटून हॅमस्टरसाठी घेऊन येतात. दिसायला ताजी असते. पण आंतरप्रवाही औषध पानाच्या आत मुरलेलं असतं, दहादा धुतलं तरी जात नाही, आणि जी मात्रा बैलाला काही करत नाही ती 40 ग्रॅमच्या जिवाला पुरून उरते. शेतातलं, रस्त्याकडंचं, नाल्याकडंचं, सोसायटीच्या लॉनमधलं, काहीच आणायचं नाही.

दुसरा धोका ओळखण्यातला. गाजर गवताचं कोवळं रोप जमिनीलगत पसरलेलं असताना बघा, चिरलेली पानं, गाजरासारखी, कोथिंबिरीसारखी, नवख्या माणसाला फरक कळत नाही. पान चुरगळून वास घ्या, कोथिंबिरीचा तो ओळखीचा वास नसतो, पानावर बारीक लव असते, आणि मोठं झालं की पांढरी बारकी फुलं येतात. ते विषारी आहे, त्याला हात लावला तरी कित्येकांना खाज सुटते. धोतरा, रुई, कण्हेर, एरंड, घाणेरी, सदाफुली ही तर आपल्या प्रत्येक गल्लीत आहेत, पिंजरा गॅलरीत असेल तर कुंडीतलं पान गळून आत पडणार नाही असा ठेवा.

आठवडी बाजारातली जुडी घेतली तर घरी आल्यावर आधी दोरी सोडा. वरून टवटवीत दिसते कारण सारखं पाणी मारलेलं असतं, पण दोरीखाली मधी काळी, चिकट, कुजकी पानं असतात आणि तो कुजका रस आजूबाजूच्या काड्यांना लागलेला असतो. त्या भागातली एकही काडी हॅमस्टरला नको. जुडीच्या कडेच्या कोरड्या काड्या निवडा, पातेल्यात दहा मिनिटं बुडवून ठेवा, पाणी बदलून परत एकदा, मग झटकून सुती कापडावर पसरा. पूर्ण कोरडं झाल्याशिवाय पिंजऱ्यात टाकायचं नाही. ओला पाला तो गालात भरतो, नेऊन बेडिंगमध्ये, म्हणजे पिंजऱ्यातल्या अंथरुणात, पुरतो, आणि तिथं बुरशी धरते. फ्रिजमधला असेल तर आधी तासभर बाहेर ठेवा.

म्हणून सगळ्यात सोपं आणि खात्रीचं म्हणजे एक कुंडी घरीच करा. मसाल्याच्या डब्यातली मेथी रातभर भिजवून मातीवर पसरली, वर पातळ माती, की दोन-तीन दिवसात कोंब दिसतात आणि तीनेक आठवड्यात खुडण्याजोगी पानं येतात. कोथिंबिरीसाठी धने लाटण्यानं हलकेच रगडून दोन भाग करा, उगवायला आठ-दहा दिवस लागतात, दम धरा. बी किराणा दुकानातलं खायचंच घ्या, बियाण्याच्या दुकानातल्या पुड्यांना बऱ्याचदा औषध चोळलेलं असतं, रंगावरून कळतं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी सगळं छान येतं, एप्रिल-मेच्या उन्हात कोथिंबीर धरत नाही, तेव्हा गहू पेरा, आठ-दहा दिवसात वीतभर होतो आणि गव्हाची पाती हॅमस्टरला जाम आवडतात.

इथं एक गोष्ट नीट वाचा. नवरात्रात घटाखाली धान उगवतं, दसऱ्याला ते इतकं सुंदर दिसतं की काढून हॅमस्टरला द्यावंसं वाटतं. देऊ नका. बऱ्याच घरात घटाला मिसळीचं धान्य असतं, त्यात ज्वारी असते, आणि कोवळी ज्वारी जनावरांना बाधते हे आपल्याकडं शेतकऱ्याला सांगायची गरज नाही, कोवळ्या धांडात सायनाईड तयार होतं. वाळलेला ज्वारीचा दाणा खुशाल द्या, हिरवी पात नाही. शिवाय घटावर हळद-कुंकू, तेल पडलेलं असतं. गहू वेगळ्या कुंडीत निवडून पेरा.

वाळवलेला पाला करून ठेवला तर उन्हाळ्याची चिंता मिटते. वाळवणाचं आपल्याला काही शिकवायला नको, फक्त कडक उन्हात नाही, सावलीत, सुती कापडावर, वरून पातळ ओढणी टाकून. काडी वाकवली की कटकन मोडली पाहिजे, लवली तर अजून ओल आहे. कोरड्या बरणीत भरा, वास बदलला किंवा पांढरी बुरशी दिसली की अख्खी बरणी टाकून द्या. वाळल्यावर पाला हलका होतो आणि अंदाज चुकतो, म्हणून सिरियनला दोन बोटांची चिमूट, ड्वार्फला त्याहून कमी, दाण्यात मिसळून बेडिंगवर विखरून टाका. हुंगत हुंगत शोधत बसतो तो, त्याचा व्यायाम पण होतो.

वेळ संध्याकाळची, तो उठतो तेव्हाची. सकाळी उरलेला पाला काढा आणि ज्या कोपऱ्यात साठा करतो तो कोपरा पण बघा. उन्हाळ्यात तर हे चुकवायचंच नाही, आपल्याकडं पारा 42 च्या पुढं जातो, घरात कूलर चालू असला की दमट हवेत पाला काही तासात नासतो. आणि ऊन लई म्हणून थंडावा मिळावा म्हणून जास्त हिरवं देऊ नका, त्यानं हगवण लागेल, थंडावा मिळणार नाही. उन्हाळ्यात त्याला थंड खोली, फरशीचा तुकडा आणि बाटलीत ताजं पाणी लागतं. पाल्यात पाणी असतं म्हणून बाटली रिकामी ठेवली तर हॅमस्टर तहानेनं मरेल. मादी गाभण असेल किंवा पिल्लं झाली असतील तर तेवढे दिवस नवीन पाला सुरू करू नका, आधीपासून पचतोय तोच थोडा चालू ठेवा.

लेंड्या मऊ झाल्या की पाला लगेच बंद, फक्त कोरडे दाणे आणि पाणी. शेपटीकडं ओलं दिसलं, अंग फुगवून कुबड काढून बसला, खाणं सोडलं, किंवा एका बाजूचा गाल दिवसभर सुजलेला राहून रिकामा होत नसला तर त्याच दिवशी डॉक्टर, उद्यावर ढकलायचं नाही. माणसाचं किंवा कुत्र्याचं अँटिबायोटिक घरातलं उचलून देऊ नका, पेनिसिलिन गटातली औषधं हॅमस्टरच्या आतड्यातले चांगले जंतू मारतात आणि त्यानंच जीव जातो. आपल्याकडं गुराढोरांचे डॉक्टर पुष्कळ, पण हॅमस्टर बघणारे कमी, म्हणून आजार व्हायच्या आधीच दोन-तीन ठिकाणी फोन करून कोण बघतं ते विचारून नंबर लिहून ठेवा. परभणीला आणि उदगीरला पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत, तिथंही विचारता येतं. जाताना जो पाला खाल्ला त्याची एक काडी, आणि ताज्या लेंड्या छोट्या डबीत घालून सोबत न्या.