'मॅच गेम'ची मैफल घरी कशी जमवावी

'मॅच गेम' या जुन्या अमेरिकन टीव्ही खेळाचे चाहते एकत्र आले की थोड्याच वेळात गप्पा ब्रेट सॉमर्स आणि चार्ल्स नेल्सन रायली यांच्यावर येऊन ठेपतात. खेळात भाग घेणाऱ्या कलाकारांच्या वरच्या रांगेत शेजारी शेजारी बसून एकमेकांची खेचणारी ही जोडी. कोणत्या स्पर्धकाने किती डॉलर जिंकले हे कुणाला आठवत नाही. ब्रेटचा मोठा चष्मा, चार्ल्सची टोपी आणि सूत्रसंचालक जीन रेबर्नच्या हातातला तो लांबलचक, काडीसारखा माइक मात्र सगळ्यांना आठवतो.

अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर १९७३ ते १९७९ या काळात चाललेला हा खेळ. दर नव्या वर्षी त्याच्या नावातलं साल बदलायचं, 'मॅच गेम ७३', मग '७४', असं '७९' पर्यंत. सहा कलाकारांचं पॅनल, दोन स्पर्धक आणि वाक्यातली एक गाळलेली जागा, एवढाच त्याचा पसारा; त्या जागी स्पर्धकाने सुचवलेला शब्द पॅनलवरच्या जितक्यांशी जुळेल तितके त्याचे गुण. काही वर्षं अमेरिकेत दिवसा लागणाऱ्या कार्यक्रमांत तो पहिल्या क्रमांकावर होता. जुने भाग आजही बघायला मिळतात, पण एकट्याने बघून ती हुरहूर वाढतेच. माझं मत विचाराल तर ती भागवायचा खरा मार्ग म्हणजे आपल्या माणसांना बोलावून हा खेळ खेळणं. तो कसा जमवायचा ते सांगतो.

आधी दोन भाग नीट बघा

हसण्यासाठी नको, शिकण्यासाठी बघा. रेबर्नवर लक्ष ठेवा. प्रश्न वाचताना तो गाळलेल्या जागेपाशी आला की थांबतो आणि पॅनलकडे एक नजर टाकतो. स्पर्धकाचं उत्तर अगदीच भलतं आलं तरी त्याला उघडं पाडत नाही. त्या उत्तरालाही काहीतरी अर्थ असेल अशा थाटात तो सहाही जणांकडे जाऊन विचारतो. प्रेक्षक हसतात, स्पर्धकही हसतो. आपल्या घरी सूत्रसंचालन करणाऱ्याने हे एवढं उचललं तरी पुष्कळ झालं.

दुसरी गोष्ट वेळेची. आठवड्याचे सगळे भाग एकाच दिवशी चित्रित व्हायचे आणि मध्ये जेवणाची सुट्टी असायची. आठवड्याच्या शेवटच्या भागांत पॅनल जास्त सैलावलेलं दिसतं ते त्यामुळेच. म्हणून पहिल्या डावात रंग भरला नाही तर घाबरू नका. एक डाव खेळा, मग खाणंपिणं आणि गप्पा होऊ द्या, आणि मग दुसरा डाव लावा. खरी मजा त्या दुसऱ्या डावात येते.

माणसं निवडणं हे अर्धं काम

पॅनलवर सहा, स्पर्धक दोन, सूत्रसंचालक एक आणि पंच एक, अशी दहा माणसं असली की खेळ भरलेला वाटतो. माणसं कमी असतील तर पॅनल चारचं करा, पण त्याखाली जाऊ नका. तिघांत खेळलं तर जुळणं-न जुळणं हा नुसता योगायोग होतो.

सहा खुर्च्या तीन-तीनच्या दोन रांगांत असायच्या आणि कोण कुठे बसणार हे सहसा ठरलेलं असायचं. वरच्या रांगेत एका टोकाला पाहुणा कलाकार, मध्ये ब्रेट, दुसऱ्या टोकाला चार्ल्स. खालच्या रांगेत पाहुणी अभिनेत्री, मध्ये रिचर्ड डॉसन आणि त्याच्या शेजारी बेटी व्हाइट, फॅनी फ्लॅग, मार्शा वॉलेस, पॅटी डॉइश यांच्यापैकी कुणीतरी. या मांडणीत मोठी अक्कल आहे. डॉसन शांतपणे विचार करायचा आणि सर्वसामान्य माणसाला काय सुचेल तेच लिहायचा. पॅटी डॉइश असं काही लिहायची की ते उत्तर कुठून आलं असेल असा प्रश्न पडावा. पॅनलवर सहाही डॉसन असते तर खेळ परीक्षेसारखा झाला असता, आणि सहाही पॅटी असत्या तर कुणाचंच काही जुळलं नसतं.

तुमच्या ओळखीतही ही माणसं असतातच. सगळ्यांच्या मनातलं अचूक ओळखणारी एखादी मावशी, काहीही बोललं तरी भलतीकडे नेणारा एखादा मित्र, आणि एकमेकांना चिडवल्याशिवाय ज्यांना करमत नाही अशी दोन माणसं. या शेवटच्या दोघांना वरच्या रांगेत शेजारी बसवा आणि बाकी काही सांगू नका. 'तू चार्ल्स हो, तू ब्रेट हो' असं तर अजिबात नको. नक्कल करायला लागलं की माणूस स्वतःचं बोलणं विसरतो, आणि त्या कार्यक्रमाचा जीव होता तो त्या दोघांच्या स्वतःच्या बोलण्यातच.

एक जागा थोडी अनोळखी माणसासाठीही ठेवा. पहिल्या आठवड्यात पॅनलवर अभिनेता जॅक क्लगमन होता. त्याने आपल्या बायकोला बोलवा असं सुचवलं, आणि ती बायको म्हणजे ब्रेट सॉमर्स. पाहुणी म्हणून आली आणि कार्यक्रमाची ओळखच होऊन बसली. कुणी 'माझ्या एका मैत्रिणीला आणू का?' असं विचारलं तर नक्की हो म्हणा.

प्रश्न कसे लिहायचे

इथे घाई करू नका. बाकी सगळं आयत्या वेळी निभावता येतं, प्रश्न मात्र आधी लिहून तपासावे लागतात.

हा खेळ मूळचा १९६२ सालचा, एनबीसी वाहिनीवरचा. तेव्हा तीन-तीन जणांच्या दोन संघांत खेळायचे आणि प्रश्न साधे असायचे, म्हणजे 'मफिनचा एक प्रकार लिहा' अशा धर्तीचे. कार्यक्रम बंद व्हायच्या बेतात आला. तेव्हा 'मॅड' या विनोदी मासिकासाठी लिहिणाऱ्या डिक डीबार्टोलो यांनी थोडे खट्याळ प्रश्न लिहून बघायचं सुचवलं. 'मेरीला जॉनच्या ______वर ग्रेव्ही ओतायला आवडतं' या जातीचे. कार्यक्रम तरला आणि १९६९ पर्यंत चालला. सत्तरच्या दशकातल्या सगळ्या गमतीचं बीज त्या वाक्यात आहे. प्रश्नात वावगं काहीच नाही. वावगं असेल ते ऐकणाऱ्याच्या डोक्यात, आणि तेही त्याने स्वतः लिहायचं.

चांगल्या प्रश्नाला माझ्या मते दोन किंवा तीन संभाव्य उत्तरं असावीत. एकच असेल तर सहाही जण तेच लिहितात आणि चुरस उरत नाही. दहा असतील तर काहीच जुळत नाही. कार्यक्रमाच्या प्रश्नांत वरचेवर येणाऱ्या, चाहत्यांच्या लाडक्या मठ्ठ डोराचा प्रश्न मराठीत असा करता येईल:

'डोरा इतकी मठ्ठ आहे, इतकी मठ्ठ आहे...'
(सगळे एका सुरात: 'किती मठ्ठ?')
'डॉक्टर म्हणाले खोल श्वास घ्या, तर ती श्वास घ्यायला ______ उतरली.'

विहिरीत, समुद्रात, तळघरात. तीन उत्तरं, तिन्ही पटणारी, आणि स्पर्धकाला खरोखर विचार करावा लागतो की समोरच्या सहा जणांच्या मनात कुठलं येईल. प्रश्न तयार झाला की खेळात नसलेल्या दोघा-तिघांना तो आधी विचारून बघा. ते नुसतेच गप्प बसले तर प्रश्न बाद.

'किती मठ्ठ?' ही आरोळी विसरू नका. ती प्रेक्षकांनी द्यायची असते, आणि घरात बसलेले सगळेच प्रेक्षक. दुसऱ्या प्रश्नानंतर लोक न सांगता ओरडायला लागतात.

गाळलेली जागा शक्यतो वाक्याच्या शेवटाकडे ठेवा. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे ती क्रियापदाच्या अगदी आधी आली की वाक्य तोंडात छान बसतं. विभक्तीचा प्रत्यय उत्तरावर सोडायचा की प्रश्नातच लिहायचा हे वाचून ठरवा. 'वर' किंवा 'ला' आधीच लिहून टाकलं तर लिहिणाऱ्याला एकच शब्द सुचवावा लागतो आणि जुळणी सोपी होते.

त्या काळच्या प्रश्नांत बायकांच्या दिसण्यावर, अंगावर पुष्कळ विनोद होते. ते मी घेत नाही. कार्यक्रमावर माझं प्रेम आहे, पण ते प्रेम त्या विनोदांमुळे जडलेलं नाही, आणि ते वगळले तरी खेळाचं काही बिघडत नाही. डोराच्या जागी कधी कधी मठ्ठ डॅनी आणा, सगळं तसंच चालतं.

एका डावाला चार प्रश्न लागतात, बरोबरी झाली तर आणखी दोन. प्रत्येक प्रश्न वेगळ्या पाकिटात घालून पाकिटांवर 'अ' आणि 'ब' लिहा.

खेळ असा चालतो

स्पर्धक 'अ' किंवा 'ब' निवडतो. सूत्रसंचालक प्रश्न वाचतो. पॅनलवरचे सहा जण जाड मार्करने आपापल्या कार्डावर उत्तर लिहितात आणि कार्ड उलटं ठेवतात. सगळ्यांचं लिहून झालं की मगच स्पर्धक आपलं उत्तर तोंडी सांगतो. मग वरच्या रांगेपासून एकेक जण कार्ड दाखवतो. जुळलं की एक गुण. उरलेला प्रश्न दुसऱ्या स्पर्धकाला.

दुसऱ्या फेरीत ज्यांच्याशी आधीच जुळलं ते बाजूला राहतात, फक्त न जुळलेले लिहितात. त्यामुळे कुणाचेही गुण सहाच्या वर जात नाहीत आणि मागे पडलेल्याला शेवटपर्यंत संधी असते. बरोबरी झाली तर गुण शून्यावर आणा आणि पुन्हा एक फेरी घ्या.

कार्ड उघडण्यापूर्वी प्रत्येकाला दोन वाक्यं बोलू द्या. 'मी हे का लिहिलं' हे सांगतानाच माणसं फुलतात. सूत्रसंचालकाने घड्याळाकडे बघून 'चला पुढे' म्हणायला सुरुवात केली की मैफल संपलीच म्हणून समजा.

पंच मात्र खमका हवा. 'विहीर' आणि 'आड' जुळले का? 'नवरा' आणि 'यजमान'? माझा नियम असा की मुख्य खेळात अर्थ तोच असेल तर गुण द्यायचा, पण एक व्यापक आणि दुसरं नेमकं असेल, म्हणजे 'पाणी' आणि 'समुद्र', तर नाही. नियम सुरुवातीलाच सांगून टाका. वाद होणारच आणि तो होऊ द्यावा, प्रेक्षकांनी पंचाविरुद्ध आरडाओरडा करणं हाही खेळाचाच भाग आहे. निर्णय मात्र फिरवू नका.

सुपर मॅच

जिंकणाऱ्यासाठी ही शेवटची फेरी, आणि तिची तयारी आठवडाभर आधी करायची. कार्यक्रमात आधीच्या प्रेक्षकांना एक तुटकं वाक्य दिलेलं असायचं आणि त्यांनी सर्वांत जास्त वेळा दिलेली तीन उत्तरं लपवलेली असायची. त्यांना ५००, २५० आणि १०० डॉलर. स्पर्धक पॅनलवरच्या तिघांचा सल्ला घेऊन एक उत्तर निवडायचा. तुम्हीही ओळखीच्या तीस-चाळीस जणांना फोनवर एक-एक वाक्य पाठवा: 'डोक्याला ______' किंवा 'कच्चा ______'. पहिल्याला 'ताप' वर येईल असा माझा अंदाज, पण 'तेल' आणि 'ताण' मागे नसतील. दुसऱ्यात 'माल', 'लिंबू' आणि 'रस्ता' यांची झुंज बघण्यासारखी होते. उत्तरं मोजून पहिली तीन पुठ्ठ्यावर लिहा आणि झाकून ठेवा. डॉलरच्या जागी तेवढेच गुण.

या फेरीतूनच पुढे एक अख्खा नवा कार्यक्रम जन्माला आला. १९७६ साली सुरू झालेला 'फॅमिली फ्यूड' याच कल्पनेवर उभा आहे, आणि त्याचा पहिला सूत्रसंचालक होता रिचर्ड डॉसन.

मग शेवटचा टप्पा. स्पर्धक पॅनलमधला एकच जण निवडतो, आणखी एक तुटकं वाक्य येतं, तो एकजण लिहितो, आणि उत्तर तंतोतंत जुळलं तर रक्कम दहापट. इथे पंचाने सवलत द्यायची नाही. स्पर्धक इतक्या वेळा डॉसनलाच निवडायचे की १९७८ मध्ये कार्यक्रमात एक चाक आणलं गेलं, आणि कुणाबरोबर खेळायचं ते चाक ठरवू लागलं. त्याच वर्षी डॉसन कार्यक्रम सोडून गेला. घरच्या खेळात मी चाक लावत नाही. कुणाला निवडायचं या विचाराने स्पर्धक सहाही चेहऱ्यांवरून नजर फिरवतो, तो क्षण मला चाकापेक्षा मोलाचा वाटतो. तुमच्याकडेही सगळे त्या मावशीलाच निवडायला लागले तर एक साधा नियम करा की एका संध्याकाळी एका माणसाला एकदाच निवडता येईल.

जिंकणारा खुर्चीवर कायम, हरलेल्याच्या जागी पॅनलमधला एकजण आणि पॅनलवर हरलेला. असं केलं की संध्याकाळभर सगळ्यांना सगळीकडे बसायला मिळतं. डाव अर्धवट असताना निघायची वेळ झाली तर तो घाईने उरकू नका. सीबीएसवरही भाग संपला तरी डाव पुढच्या भागात चालू राहायचा. फळ्यावरच्या गुणांचा फोटो काढा, न उघडलेली पाकिटं पंचाकडे द्या, आणि पुढची तारीख तिथेच ठरवा.